राणीच्या परफ्यूमरचं काम घरी कसं करायचं: मोगरा, शेवग्याचं तेल आणि फार्जोंची उधारी

फ्रान्सच्या राणीचा, म्हणजे मारी आंत्वानेतचा परफ्यूमर म्हटलं की सगळ्यांना आधी गिलोटिन आठवतं. मग राणीला कुठला वास आवडायचा, तो आता मिळतो का, वगैरे. पण त्या माणसाचा दिवस कसा जायचा हे कुणी विचारत नाही, आणि मला तर तेवढंच विचारायचंय. नाव ज्याँ-लुई फार्जों, जन्म १७४८ चा, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावचा, घरात परफ्यूमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. १७७३ ला पॅरिसला आला, व्हिजिए नावाच्या परफ्यूमरच्या विधवेच्या दुकानात कामाला लागला, १७७४ ला त्याला उस्ताद म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सोळावा लुई गादीवर बसला आणि मारी आंत्वानेत राणी झाली. रू द्यु रूल नावाच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. पुढची जवळजवळ वीस वर्षं म्हणजे आधी दरबार, मग क्रांती, मग तुरुंग, आणि तरी माणूस जिवंत सुटला आणि १८०६ पर्यंत जगला.

माझं म्हणणं असं आहे की हे आयुष्य समजायचं असेल तर राजवाड्याच्या गोष्टी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याचं काम स्वतःच्या हातानं करा. त्याच्या हातात दिवसभर काय असायचं तर स्टार्च, तेल, चरबी आणि फुलं, आणि संध्याकाळी उधारीची वही. यातलं बहुतेक सगळं आपल्याला बडोद्यात घरी करता येतं, उन्हाळ्यात तर फारच छान, कारण त्याला लागायची तसली फुलं आपल्याकडे खंडेराव मार्केटला ढिगानं येतात.

आणि हे परक्याचं काम आहे असं समजू नका हं. आपल्याच प्राच्यविद्या मंदिरानं, म्हणजे ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं, १९८९ ला सुगंधावरचे दोन जुने ग्रंथ छापले, गंगाधराचा गंधसार आणि दुसरा गंधवाद, ज्याच्या कर्त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि त्या गंधवादावर चक्क जुनी मराठी टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं लिखाण आहे. म्हणजे वास कसा वासवायचा, काय कशात मिसळायचं हे मराठीत लिहून ठेवणारा माणूस होऊन गेला आणि ती पोथी छापली बडोद्यानं. बडोद्याच्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि ज्यांना संस्कृत बरं येतं त्यांनी तिथं जाऊन एकदा चाळाच.

बरं, आता कामाकडे.

सगळ्यात आधी फुलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यामुळे इथं कंजूषी नको. मोगऱ्याच्या कळ्या घ्यायच्या, उमललेली फुलं नाही, गजरा तर अजिबात नाही कारण त्यावर पाणी मारलेलं असतं आणि पाणी हा या कामातला मोठा शत्रू आहे. दुपारी उशिरा जा, फूलवाल्याला आधीच सांगा, "भाई, पाणी ना छांटशो", आणि सुट्ट्या कळ्या वजनावर घ्या. चांगली कळी टपोरी, पांढरीशुभ्र, टोकाला घट्ट मिटलेली आणि दोन बोटांत दाबली तर टणक लागते. हिरवट असेल तर ती उमलायचीच नाही, आणि टोकाला पिवळी पडली असेल तर कालची आहे. घरी आणल्यावर सुपात नाहीतर वर्तमानपत्रावर पंचा घालून त्यावर पसरा, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास, आणि हिरवे देठ खुडून टाका, कारण देठाचा कच्चा गवतासारखा वास तेलात उतरला की मग तो निघत नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला कळ्या उमलायला लागतात आणि खोली भरून जाते, तीच वेळ.

मोगराच का, गुलाब का नाही, हे समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मोगरा, जाई-जुई, निशिगंध ही फुलं तोडल्यावरही कितीतरी तास वास तयार करत राहतात, झाडावरून काढली तरी त्यांचं काम चालूच असतं. गुलाबाचं तसं नाही, तो तोडला की जो वास आत आहे तेवढाच, म्हणून गुलाब भट्टीवर चढवतात नाहीतर कोमट तेलात मुरवतात. उलट मोगऱ्याला फार उष्णता दिली की त्याचा नाजूक भाग जातो. त्यामुळे मोगऱ्याला शिजवायचं नाही, त्याच्या शेजारी काहीतरी वास शोषणारं ठेवून द्यायचं आणि वाट बघायची. फ्रान्समध्ये ग्रास नावाच्या गावाच्या आसपास जाई आणि निशिगंधाची शेती होती ती याच कामासाठी. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, आणि चौदाव्या लुईच्या काळात व्हर्सायच्या राजवाड्यातल्या त्रियानों नावाच्या महालाच्या बागेत तो इतका लावलेला असायचा की वासानं लोकांना तिथं थांबवत नसे, असं तेव्हाच्या आठवणींत लिहिलेलं आहे.

पहिल्यांदा करताय तर पावडरपासून सुरू करा, यात काहीच बिघडत नाही. एक चपटा स्टीलचा डबा, पाव किलो कॉर्नफ्लॉवर किंवा आरारूट, मलमलचा तुकडा. स्टार्च आधी दोन-तीन तास उन्हात वाळवून गार करून घ्या. डब्यात स्टार्चचा बोटभर थर, त्यावर मलमल, मलमलीवर कळ्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा, वरून परत मलमल आणि परत स्टार्च. झाकण लावायचं पण अगदी घट्ट नको, फुलांना श्वास घेऊ द्या नाहीतर आत घाम धरतो. चोवीस तासांनी फुलं काढा, स्टार्च चाळा, नवीन फुलं घाला. सात-आठ वेळा असं केलं की पावडरीला मोगऱ्याचा सौम्य, स्वच्छ वास येतो. फ्रेंच लोक असंच करायचे, स्टार्चमध्ये जाईची फुलं थरावर थर घालून, फक्त त्यांची पावडर केसांना लावायची असायची. केसांना आधी पोमेड म्हणजे वासाची चरबी चोपडायची आणि त्यावर ही पांढरी पावडर उडवायची, दरबारात तर रोज, आणि त्यासाठी घरात वेगळी खोलीसुद्धा ठेवायचे.

आता इथं थोडं थांबून विचार करा. तो स्टार्च गव्हाचा असायचा. जुलै १७८८ ला फ्रान्समध्ये भयंकर गारपीट झाली, पीक गेलं, पुढच्या वर्षी पावाचे भाव गगनाला भिडले, ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका पाव मागत चालत व्हर्सायला गेल्या. अशा वेळी एखाद्याच्या डोक्यावर गव्हाची पांढरी पूड दिसली तर उपाशी माणसाला काय वाटेल? परफ्यूमरचा रोजचा खपाचा माल एका वर्षात लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागला. फार्जोंनं काही वेगळं केलं नव्हतं, तो तोच डबा भरत होता, पण डब्याचा अर्थ बदलला. मी पावडर चाळायला बसले की मला हे दर वेळी आठवतं. तरी गंमत बघा, क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर स्वतः शेवटपर्यंत केसांना पावडर लावत होता, त्यामुळे क्रांती झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पावडर सोडली असंही झालं नाही.

दुसरी पायरी तेलाची आणि ही मला सगळ्यात आवडते, कारण यात आपला शेवगा आहे. अठराव्या शतकातले फ्रेंच परफ्यूमर ज्या तेलावर जीव टाकायचे ते बेन तेल, म्हणजे शेवग्याच्या जातीच्या झाडाच्या बियांचं तेल. का, तर त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही आणि ते लवकर खवट होत नाही, बास, परफ्यूमरला याहून जास्त काही नको असतं. आपल्याकडे दाराशी सरगव्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड असतं आणि आपण शेंगा खाऊन बिया टाकतो! घरी बियांचं तेल काढणं कठीण आहे, विकत घ्या, लाकडी घाण्याचं मिळतं, ऑनलाइनही मिळतं, पण घेताना बियांचं आहे ना ते बघा, पानं मुरवलेलं दुसरं कुठलंतरी तेलसुद्धा त्याच नावानं विकतात. महाग वाटलं तर न भाजलेल्या पांढऱ्या तिळाचं तेल चालेल, तिळाचा वास थोडा राहतो. आपली फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, बनवायची जुनी पद्धत तिळाचीच, उत्तर प्रदेशात जौनपूर-गाझीपूरकडे तीळ आणि चमेलीचे थर देऊन आधी तीळच वासवायचे आणि मग घाण्यात घालायचे, त्यामुळे तेल निघायचं तेच वासाचं.

कृती अशी. जुनी सुती ओढणी किंवा धोतराचा मऊ तुकडा घ्या, साबणाचा वास पूर्ण गेला पाहिजे म्हणून नुसत्या गरम पाण्यात दोनदा उकळून कडकडीत वाळवा. २०० मिली तेलात तो बुडवून हलका पिळा, ठिबकणार नाही इतपत. डब्याच्या मापाचे चौकोन कापलेत तर बरं. तळाशी एक कापड, त्यावर कळ्यांचा एकच थर, त्यावर कापड, परत कळ्या, असे चार-पाच थर. रोज संध्याकाळी फुलं बदलायची. कालची फुलं कडेनं तपकिरी झालेली असतात, ती एक-एक उचला, एक पाकळी जरी राहून गेली तर सडते आणि सगळ्याला आंबूस वास लागतो, म्हणून कापड झटकून उजेडात धरून बघा. दहा ते पंधरा वेळा फुलं बदलली की कापड नाकाशी नेल्यावर फुलाचा वास तेलाच्या वासाच्या पुढे येतो, तेव्हा थांबा. मग कापडं एकत्र करून चक्का पिळतो तसं पंच्यात गुंडाळून घट्ट पिळायचं, अगदी घरातल्या दोघांनी दोन टोकं धरून. निघालेलं तेल उंच काचेच्या ग्लासात एक रात्र स्थिर ठेवा, खाली पाण्याचे थेंब आणि गाळ बसतो, वरचं तेवढं हळूच ओतून गडद बाटलीत भरा.

तिसरी पायरी पोमेडची. याला धीर लागतो आणि वेळ काढायचा तर इथंच काढा. चरबीचा थर देऊन त्यात फुलं ठेवायची कल्पना फार्जोंच्या आधीची आहे, काच बसवलेल्या लाकडी चौकटी मात्र ग्रासमध्ये पुढे एकोणिसाव्या शतकात रुळल्या, आणि आपण तीच सोयीची पद्धत घेऊ. ते लोक डुकराची आणि बैलाची चरबी वापरायचे, धुऊन-धुऊन स्वच्छ केलेली. आपल्या घरात ते शक्य नाही आणि गरजही नाही. कोकमाचं तेल, ज्याला कोकणात भिरंडेल म्हणतात, ते घट्ट असतं आणि साधारण ४० डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून बडोद्याच्या उन्हाळ्याला तेच टिकतं. नुसतं खोबरेल घेतलं तर ते २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं आणि मे महिन्यात तुमची चरबी ताटातून वाहत जाईल. १०० ग्रॅम कोकम आणि १०० ग्रॅम बिनवासाचं रिफाइंड खोबरेल, दोन्ही एकत्र करा, फार मऊ वाटलं तर कोकम वाढवा. परीक्षा एकच, अंगठा दाबला की ठसा उमटला पाहिजे पण बाजूनं तेल सुटता कामा नये.

ही चरबी गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. त्यात २ ग्रॅम लोबानाची पूड घाला, धुपात घालतात तोच ऊद, आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवून मलमलीतून गाळा. फ्रेंच लोकही चरबीत लोबान घालायचे, त्यानं ती लवकर खवट होत नाही आणि त्याचा गोडसर वास मोगऱ्याला छान सांभाळून घेतो. किराणा-पूजेच्या दुकानातला घेताना मिसळ नको, खडा फोडून बघा, आतून पांढरट बदाम दिसतात तो चांगला.

आता काच. फोटोफ्रेमच्या दोन काचा, आठ बाय दहा इंच, कडा घासून घेतलेल्या. दोन्हींवर चरबीचा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा थोडा कमी थर पसरवा आणि थर जमला की काट्याच्या चमच्यानं त्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढा, म्हणजे फुलाला टेकायला जास्त जागा मिळते. एका काचेवर उमलायला लागलेल्या कळ्या पालथ्या ठेवा, दाबायच्या नाहीत, नुसत्या टेकवायच्या. दुसरी काच वरून चरबी खाली करून बोटभर अंतरावर, चार कोपऱ्यांत लाकडाचे तुकडे ठेवून, म्हणजे वर जाणारा वासही तिला लागतो. भोवती स्वच्छ पंचा गुंडाळा. चोवीस तासांनी फुलं काढायची, आणि काढताना चिमट्यानं देठाकडून उचला. त्या वेळी जरा वाकून बघा, चरबीत प्रत्येक फुलाचा ठसा उमटलेला असतो, पाकळ्यांच्या शिरांसकट. नवीन फुलं दुसऱ्या जागी ठेवा आणि दर वेळी वरची काच खाली, खालची वर.

जुना हिशोब असा की एक किलो चरबीला दोन ते तीन किलो फुलं लागतात. म्हणजे आपल्या २०० ग्रॅमला सगळे मिळून ४०० ते ६०० ग्रॅम कळ्या, दर खेपेला ३०-४० ग्रॅम. ग्रासचे लोक छत्तीस वेळासुद्धा फुलं बदलायचे, घरी बारा-पंधरा वेळांत छान वास येतो. खोली घरातली सगळ्यात थंड निवडा पण कूलरसमोर ठेवू नका, कूलरची हवा ओली असते आणि दोन दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतात. फ्रिजमध्येही नको, थंडीत मोगरा उमलत नाही आणि वासही देत नाही. स्वयंपाकघरात तर मुळीच नाही, चरबी वास शोषणारी आहे, ती मोगरा शोषते तशी फोडणीही शोषते.

फ्रेंच परफ्यूमर याच्या पुढे एक पायरी जायचे, ही पोमेड स्पिरिटमध्ये धुवायचे, वास स्पिरिटमध्ये उतरायचा आणि चरबी वेगळी व्हायची. आपण गुजरातेत राहतो, १९६० पासून दारूबंदी, तसलं शुद्ध स्पिरिट परवान्याशिवाय मिळत नाही आणि त्याच्या मागे लागूही नका. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही अंगाला लावायच्या वस्तूत घालायचं नाही, त्यात विषारी भेसळ मुद्दाम केलेली असते. पोमेड आणि तेल हेच आपलं तयार उत्पादन. त्यात कमीपणा काही नाही, फार्जोंच्या दुकानातही पोमेड हा मोठा खपाचा माल होता, आणि आपली अत्तरंसुद्धा तेलातच असतात, उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला देग-भपक्यानं, म्हणजे फुलं भांड्यात उकळून वाफ गार करून, काढलेला वास चंदनाच्या तेलात धरतात.

तयार पोमेडपासून लावायचं अत्तर करायचं तर ५० ग्रॅम पोमेडला ८-१० ग्रॅम मधमाश्यांचं मेण. मेण आधी वेगळं वितळवा, किंचित थंड झालं की पोमेड त्यात घाला, पटकन हलवा, डब्यांत ओता. सगळं कोमट असतानाच, कढत नको. यात वाळ्याच्या अत्तराचे दोन थेंब घातले तर मोगरा जास्त वेळ टिकतो, चंदन परवडत असेल तर एक थेंब, पण त्याहून जास्त घालू नका, कारण मारी आंत्वानेतच्या काळात चव बदलली होती ती याच बाबतीत. आधीच्या पिढीची कस्तुरी-अंबर वगैरे जड वासांची हौस मागे पडली आणि गुलाब, व्हायोलेट, संत्र्याचं फूल असे हलके, बागेतले वास आले. राणीला १७७४ ला छोटं त्रियानों मिळालं, तिथल्या बागेसाठी ती ओळखली जाते, आणि परफ्यूमरला त्या आवडीच्या मागे जावं लागलं.

वास तपासायचा तो सकाळी, आंघोळीनंतर, काही खाण्याच्या आधी. कागदाची पट्टी घ्या, टोकाला पोमेड लावा, लगेच हुंगा, मग दहा मिनिटांनी, मग तासानं, मग रात्री. तीन-चार वासांनंतर नाक थकतं, तेव्हा गॅलरीत जाऊन उभं राहा. आणि वहीत लिहा. माझी आत्या म्हणायची "नाकाला आठवण असते पण भाषा नसते", म्हणून जे शब्द सुचतील ते लिहा, ओली माती, केळं, जुनं कपाट, काहीही.

आता वहीवरून आठवलं, कारण फार्जोंच्या आयुष्यातला अर्धा त्रास वहीत आहे. परफ्यूमर व्हायला पॅरिसमध्ये चार वर्षं शिकाऊ आणि पुढे तीन वर्षं कारागीर म्हणून घासावी लागायची, संघटनेचं नाव हातमोजेवाले-परफ्यूमर, तेराव्या लुईनं १६१४ ला त्यांना ते नाव दिलं होतं. हातमोजे कशाला, तर कमावलेल्या कातड्याला घाण वास यायचा, तो घालवायला मोजे फुलांत वासवायचे, आणि वासवणारे ते मोजेवालेच. इतकं करून उस्ताद व्हा आणि मग गिऱ्हाईक कोण, तर दरबारी मंडळी, जी माल नेतात आणि पैसे वर्ष-वर्ष देत नाहीत. मागितले तर उद्धट ठरता, नाही मागितले तर फुलवाल्याला काय देणार. या उधारीनं फार्जोंला एकदा दिवाळखोरीपर्यंत नेलं. तरी तो सावरला, पॅरिसजवळच्या सुरेनला कारखाना उभा केला. तुम्ही जर चार मैत्रिणींना विकायला करणार असाल तर हे लक्षात ठेवा: फुलं, तेल, डबी, गॅस आणि स्वतःचे तास, सगळं लिहा, आणि अर्धे पैसे आधी घ्या. ओळखीच्या लोकांकडून सुद्धा, मी तर म्हणेन ओळखीच्यांकडून आधी.

१७८९ नंतर त्याचे गिऱ्हाईक देश सोडून पळायला लागले आणि वहीतली नावं तशीच राहिली. मार्च १७९१ मध्ये क्रांतीच्या सरकारनं सगळ्या धंद्यांच्या संघटनाच मोडल्या, म्हणजे सात वर्षं घासून मिळवलेला उस्ताद हा शिक्का एका कायद्यानं गेला, आता कुणीही दुकान टाकावं. त्याच वर्षी जूनमध्ये राजाराणी पळाले आणि व्हारेन नावाच्या गावात पकडले गेले. राणी तिच्या परफ्यूमच्या वासामुळे ओळखू आली अशी गोष्ट फिरते, ऐकायला भारी वाटते पण ती बाजूला ठेवा. त्यांना ओळखलं सेंत-मेनूच्या टपालचौकीवरच्या द्रुए नावाच्या माणसानं, आणि त्यानं ओळखला तो राजा. खरी गोष्ट राणीच्या प्रवासी पेटीची आहे, बाटल्या-डब्यांची ती सुंदर पेटी तिनं आधीच बाहेर पाठवायचा हट्ट धरला आणि त्यामुळे नोकरमंडळींत संशय आला, हे तिच्या दासीनं, मादाम कांपाँनं, लिहून ठेवलंय. मला ही पेटीची गोष्ट जास्त हलवते, कारण ज्या वस्तूंशिवाय तिला प्रवास सुचत नव्हता त्या रोज भरून देणारे हात फार्जोंसारख्यांचे होते.

राणीला १६ ऑक्टोबर १७९३ ला मारलं. १७९४ ला फार्जोंलाही अटक झाली, आणि जुलैअखेर रोबेस्पिएर पडल्यावर तो सुटला. त्या महिन्यांत त्याच्यापेक्षा कमी संबंध असलेले लोक गिलोटिनवर गेले, त्याचं नशीब बलवत्तर म्हणायचं. बाहेर आल्यावर त्यानं काय करावं? परत धंदा, आणि १८०१ ला परफ्यूमच्या कलेवर एक आख्खं पुस्तक, पावडरी, पोमेडी, तेलं, अर्क, सगळ्या कृतींचं. आधी जे घराण्याबाहेर सांगायचं नसे ते त्यानं छापून मोकळं केलं. राणीचा परफ्यूमर म्हणून नव्हे, हा माणूस मला या पुस्तकामुळे मोठा वाटतो.

शेवटी थोडं सांभाळण्याबद्दल. लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून लांबच ठेवा. डबीवर तारीख, फुलाचं नाव आणि किती वेळा फुलं बदलली ते लिहा. पोमेड आणि तेल गडद डबीत, कपाटात, सहा-आठ महिने छान राहतं, खवट वास आला की सरळ टाकून द्या. पावसाळा लागला की मोगऱ्याचं काम बंद, हवेत ओलावा फार, पण पावडरीची पद्धत निशिगंधावर एसी खोलीत चालते, आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काचा परत बाहेर काढा, तोवर निशिगंध भरपूर आलेला असतो, फक्त त्याची फुलं काचेवर दोन दिवस ठेवावी लागतात कारण तो मोगऱ्यापेक्षा सावकाश वास देतो.